आवृत्तीचा क्रमांक : संख्या की वचन?

दशांश अपूर्णांक शिकवताना एक चूक प्रत्येक वर्गात हटकून भेटते. ३.९ आणि ३.१० यांत मोठी संख्या कोणती, असे विचारले की बरीच मुले ३.१० असे उत्तर देतात. नवापेक्षा दहा मोठे, म्हणून ३.९ पेक्षा ३.१० मोठी, एवढाच त्यामागचा विचार असतो. मग शिक्षक फळ्यावर दशांश, शतांश अशी घरे आखतात, आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवून घेतात आणि ३.१० म्हणजे ३.१ च, ती ३.९ पेक्षा लहान, हे मुलांच्या गळी उतरवतात. हे काम एका तासात होत नाही.

हीच मुले पुढे संगणकाच्या प्रयोगशाळेत जातात. तेथे पायथन नावाची संगणकाची भाषा त्यांना भेटते. या भाषेची ३.९ ही आवृत्ती २०२० साली आली आणि तिच्यानंतर, ऑक्टोबर २०२१ मध्ये, ३.१० आली. म्हणजे येथे ३.१० ही ३.९ च्या पुढची! गणिताच्या तासाला ज्या उत्तराला आपण चूक म्हटले, तेच उत्तर संगणकाच्या तासाला बरोबर ठरते. एखाद्या चौकस मुलीने याचे कारण विचारले तर तिला काय सांगायचे?

‘संगणकवाल्यांची पद्धत निराळी’ एवढे म्हणून वेळ मारून नेता येईल. पण प्रश्न चांगला आहे आणि तो पद्धतीच्या मुळाशी जातो. सॉफ्टवेअरला क्रमांक देण्याच्या या पद्धतीत शहाणपण आहे, तसे दोषही आहेत. ते दोष केवळ विद्यार्थ्यांनाच गोंधळात टाकतात असे नाही, जाणत्या प्रोग्रामरांनाही ते अनेकदा नडले आहेत. म्हणून या लेखात आम्ही या पद्धतीची जरा कसून तपासणी करणार आहोत.

टिंब एक, अर्थ अनेक

पहिला दोष टिंबाचा. दशांश चिन्ह म्हणून आपण जे टिंब वापरतो, तेच टिंब इतर कितीतरी ठिकाणी निव्वळ विभाजक म्हणून वापरले जाते. क्रिकेटच्या धावफलकावर ४.३ षटके असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ चार षटके आणि तीन चेंडू. सहा चेंडूंचे षटक असल्याने हे साडेचार षटके झाले, ४.३ नव्हे. ४.५ नंतर एक चेंडू पडला की थेट ५ येतात. बालभारतीच्या दहावीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सरावसंच १.१’, ‘सरावसंच १.२’ असे क्रमांक असतात. तेथेही टिंबाच्या डावीकडे प्रकरण आणि उजवीकडे त्या प्रकरणातला संच. एखाद्या प्रकरणात दहा संच असते, तर दहाव्याला १.१० च म्हणावे लागले असते आणि त्यात कोणाला काही खटकले नसते.

आवृत्तिक्रमांक याच कुळातला आहे. ३.१० म्हणजे ‘तिसऱ्या मालिकेतली दहावी’. टिंबाच्या दोन्ही बाजूंना स्वतंत्र पूर्ण संख्या आहेत. त्यांची तुलना डावीकडून सुरू करून एकेका घराची करायची. तीन आणि तीन समान, मग नऊ आणि दहा यांची तुलना. असे सांगितले की आपल्या चौकस मुलीचे समाधान होईल.

परंतु जे माणसाला सांगितले ते यंत्रालाही सांगावे लागते, आणि तेथे घोटाळे झाले. पायथन ३.१० येण्यापूर्वी कित्येक प्रोग्राम आवृत्ती ओळखण्यासाठी क्रमांकातली पहिली तीन चिन्हे तेवढी वाचत. ‘३’, ‘टिंब’ आणि ‘९’ असे असेतो ठीक होते. ३.१० आल्यावर पहिली तीन चिन्हे झाली ‘३’, ‘टिंब’ आणि ‘१’. प्रोग्राम समजला की ही फार जुनी ३.१ आहे. काही ठिकाणी मांडणीच्या फाइलीत ३.१० हा क्रमांक अवतरणचिन्हांशिवाय लिहिला होता. यंत्राने ती संख्या मानली, शेवटचे शून्य निरर्थक म्हणून गाळले आणि ३.१ ही आवृत्ती शोधायला निघाले. यंत्राने दशांश अपूर्णांकाचा नियम अगदी बरोबर पाळला होता! फक्त समोरची वस्तू दशांश अपूर्णांक नव्हती.

याआधी २००९ साली ऑपेरा या ब्राउझरची दहावी आवृत्ती आली, तेव्हाही असेच झाले होते. अनेक संकेतस्थळे क्रमांकाचा पहिलाच अंक वाचत असल्याने त्यांना १० च्या जागी १ दिसू लागला. अखेर ऑपेराने स्वतःची ओळख सांगताना पहिल्या जागी ९.८० असे लिहून खरा क्रमांक मागे दुसऱ्या जागी ठेवला. नवापुढे दहा येणार, हे कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. पण तो दिवस आपल्या हयातीत येईल असे कोणी धरले नव्हते. वर्ष दोनच अंकांत लिहिल्याने इ. स. २००० च्या तोंडावर जो मोठा खटाटोप करावा लागला, त्याची जातकुळी हीच.

टिंब खरोखरच दशांश चिन्ह असलेली आवृत्तीही जगात आहे. डोनाल्ड क्नूथ या गणिती संगणकशास्त्रज्ञाने टेक् हा अक्षरजुळणीचा प्रोग्राम लिहिला. त्याच्या प्रत्येक दुरुस्तीनंतर क्रमांकात एक अंक वाढतो आणि तो क्रमांक ‘पाय’ या संख्येच्या जवळ सरकतो. २०२१ साली तो ३.१४१५९२६५३ झाला. क्नूथ यांनी सांगून ठेवले आहे, की आपल्या मृत्यूनंतर क्रमांक ‘पाय’ असाच करावा आणि मग प्रोग्रामला हात लावू नये. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा लहान, आणि बदल संपतच आले आहेत, हे या क्रमांकात दिसते. येथे संख्या आणि अर्थ एकमेकांना धरून आहेत. अशी शिस्त इतर सॉफ्टवेअरला परवडत नाही, कारण त्यांचे बदल कधी संपतच नाहीत.

नाव, क्रम आणि वचन

आता टिंब बाजूला ठेवू आणि आकडा नेमके काय सांगतो ते पाहू. मुंबईच्या साकीनाका मेट्रो स्थानकापासून सुरुवात करता येईल. वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. तिचे नाव मार्गिका १, आणि साकीनाका हे तिच्यावरचे स्थानक. त्यानंतर एप्रिल २०२२ मध्ये सुरू झाल्या मार्गिका २अ आणि ७. मार्गिका ३ चा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये, म्हणजे सातव्या मार्गिकेनंतर, सुरू झाला. साकीनाक्याचा प्रवासी पुढच्याच मरोळ नाका स्थानकावर उतरून ती पकडू शकतो. क्रमांक आराखड्यात ठरले आणि उद्घाटने बांधकामाच्या गतीने झाली, म्हणून हा उलटसुलट क्रम. यात प्रवाशाचे काहीही बिघडत नाही, कारण मार्गिकेचा क्रमांक हे केवळ नाव आहे. तीन नंबरची गाडी एक नंबरच्या गाडीपेक्षा तिप्पट चांगली, असे कोणी समजत नाही.

आवृत्तीचा क्रमांक मात्र एवढ्यावर थांबत नाही. तो एकाच वेळी तीन कामे अंगावर घेतो. एक, वस्तूला नाव देणे. दोन, आधीची कोणती आणि नंतरची कोणती, हा क्रम सांगणे. तीन, बदल किती मोठा आहे आणि आपले जुने काम नव्या आवृत्तीवर चालेल की नाही, याविषयी वचन देणे. आमच्या मते सगळे घोटाळे या तीन कामांची सरमिसळ झाल्याने होतात.

नावाचे काम सर्वांत सोपे, तरी तेथेही दुकानदारी शिरते. मायक्रोसॉफ्टने विंडोज ३.१ नंतर ९५, ९८, २०००, एक्सपी, व्हिस्टा, ७, ८ आणि मग ९ गाळून १० अशी नावे दिली. यांतील विंडोज ७ स्वतःच्या पोटात आपला क्रमांक ६.१ असा सांगत असे. कारण मुख्य आकडा बदलला असता, तर आकडा तपासणारे जुने प्रोग्राम चालेनासे होण्याची भीती होती. म्हणजे खोक्यावर एक क्रमांक आणि आत दुसरा. बाहेरचा गिऱ्हाइकासाठी, आतला यंत्रासाठी.

क्रमाचे काम अधिक नाजूक. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या सॉफ्टवेअरमध्ये एक अतिशय धोकादायक छिद्र सापडले. जावा भाषेतल्या असंख्य प्रोग्रामांत नोंदी ठेवण्यासाठी ते वापरले जाई. जगभरच्या संगणक-व्यवस्थापकांपुढे एकच प्रश्न होता : आपल्याकडची आवृत्ती सुरक्षित आहे का? २.१४.१ असुरक्षित होती. घाईने २.१५.० आली, ती अपुरी पडली. मग २.१६.०, मग २.१७.० आणि शेवटी २.१७.१. येथवर ‘मोठा आकडा घ्या’ हा सल्ला पुरेसा होता. पण जावाच्या जुन्या आवृत्तीवर अडकून पडलेल्यांसाठी त्याच महिनाअखेरीस २.१२.४ आणि २.३.२ या आवृत्त्याही दुरुस्त करून दिल्या गेल्या. आता पाहा : २.३.२ चा आकडा लहान, पण ती काळाने नवी आणि या छिद्रापासून सुरक्षित. २.१४.१ चा आकडा मोठा, पण ती काळाने जुनी आणि असुरक्षित. सॉफ्टवेअर झाडासारखे वाढते. बुंध्याला नवे शेंडे फुटत असताना खालच्या जुन्या फांदीलाही पालवी येते. एका सरळ रेषेवरचे आकडे झाडाचा आकार कसा दाखवणार?

तीन आकड्यांचे वचन

वचनाच्या कामासाठी एक नियमावलीच तयार झाली आहे. गिटहब या संस्थेचे एक संस्थापक टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी ती लिहिली. तिचे नाव सिमँटिक व्हर्जनिंग, म्हणजे अर्थवाही क्रमांकन. क्रमांकाची तीन घरे : मुख्य, दुय्यम आणि दुरुस्ती. केवळ चूक सुधारली तर तिसरे घर वाढवायचे. जुने काही न मोडता नवी सोय घातली तर दुसरे. जुने काम मोडेल असा बदल केला तर पहिले. ३.१० चा वाद येऊ नये म्हणून १.९.० नंतर १.१०.० येते, हेही त्यात उदाहरणासह सांगितले आहे.

मराठी ग्रंथव्यवहाराला ही कल्पना नवी नाही. पुस्तकाच्या श्रेयनामावलीच्या पानावर पुनर्मुद्रण आणि सुधारित आवृत्ती असा भेद आपण पूर्वीपासून करतो. पुनर्मुद्रण असेल तर वर्गात जुनी आणि नवी प्रत शेजारी शेजारी चालते. सुधारित आवृत्ती असेल तर पृष्ठक्रमांक जुळतील याची खात्री नसते. अभ्यासक्रमच बदलला तर जुने पुस्तक बाजूला ठेवावे लागते. अर्थवाही क्रमांकन हेच तीन आकड्यांत सांगते, म्हणून ते पटकन समजते. हा त्याचा मोठा गुण.

दोष असा, की बदल लहान की मोठा हे ठरवतो लिहिणारा, आणि त्याचा परिणाम भोगतो वापरणारा. एक प्रसिद्ध उदाहरण घेऊ. १९०० हे लीप वर्ष नव्हते. शंभराने भाग जातो पण चारशेने जात नाही, हा नियम आपण शिकवतोच. तरीही एक्सेलमध्ये २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख आहे! लोटस १-२-३ या आधीच्या प्रोग्रामने १९०० हे लीप वर्ष धरले होते. त्याच्या फाइली एक्सेलमध्ये नीट चालाव्यात म्हणून ती चूक जाणूनबुजून तशीच ठेवली गेली. ती आज सुधारली, तर त्यापुढच्या प्रत्येक तारखेमागचा दिवसक्रमांक एकाने सरकेल आणि जगातली कितीतरी कोष्टके बिघडतील. मग ही सुधारणा कोणत्या घरात मोजायची? नियमावलीच्या अक्षराने पाहिले तर ती चुकीची दुरुस्ती, म्हणजे तिसरे घर. वापरणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर मोडतोड, म्हणजे पहिले. वापरात मुरलेली चूक हीच सोय बनते, आणि नियमावलीतले घर बदलून हा पेच सुटत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे आहे. जगातल्या लिप्यांना संगणकात सांकेतिक क्रमांक देणारे युनिकोड हे मानक आहे. त्याची ५.१ ही आवृत्ती एप्रिल २००८ मध्ये आली. ५.० वरून ५.१, म्हणजे पाऊल लहान. पण देवनागरीतल्या ‘ॲ’ या अक्षराला स्वतःचा संकेत मिळाला तो याच आवृत्तीत. ‘ॲपल’, ‘ॲसिड’ यांचा ‘ॲ’ तोवर ‘अ’ आणि वरचा अर्धचंद्र असे दोन तुकडे जोडून लिहावा लागे. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठी वर्णमालेत या स्वराला रीतसर जागाही मिळाली. पण जुन्या संगणकांना आणि जुन्या अक्षरसंचांना तो ठाऊक नव्हता. तेथे अक्षराऐवजी रिकामा चौकोन दिसे. शिवाय दोन तुकड्यांचे ‘अॅ’ आणि एका संकेताचे ‘ॲ’ डोळ्यांना सारखे दिसले, तरी यंत्राला ते वेगळे. एका पद्धतीने टंकलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला तर सापडेलच असे नाही. एकूण मानकाच्या आकारात हा बदल नगण्य होता. मराठीच्या दृष्टीने मात्र एक स्वर आला होता. बदल लहान, हे खरे. पण कोणासाठी लहान?

युनिकोडच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. एकदा दिलेला संकेत पुन्हा काढायचा नाही की हलवायचा नाही, असे त्यांचे धोरण आहे आणि २.० या आवृत्तीपासून ते पाळले गेले आहे. हे वचन क्रमांकात नाही, शब्दांत लिहिलेले आहे. आणि आमच्या मते म्हणूनच ते अधिक भरवशाचे आहे.

आकड्याऐवजी दिनदर्शिका

साकीनाक्याहून साकीविहार रस्त्याने गेले की पवई येते आणि तेथे तलावाच्या काठी मुंबईची आय. आय. टी. आहे. तेथील प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा उपक्रम उभा राहिला. मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे ध्वनिचित्र-पाठ, मराठीसह अनेक भारतीय भाषांत. या पाठांची एक सवय आम्हांला फार आवडते : आपण काय वापरत आहोत, हे ते सुरुवातीलाच सांगतात. लिबरऑफिसच्या जुन्या पाठांत उबुंटू १०.०४ आणि लिबरऑफिस ३.३.४, तर पुढे नव्याने केलेल्या पाठांत उबुंटू १८.०४ आणि लिबरऑफिस ६.३.५. पाण्याचा उत्कलनबिंदू सांगताना हवेचा दाबही सांगावा, तशी ही शिस्त आहे. पाठातली एखादी खूण पडद्यावर सापडली नाही, तर निदान का सापडली नाही हे कळते.

पण शाळेतल्या संगणकावर आज लिबरऑफिस २४.८ किंवा २५.२ असेल, तर ६.३.५ चा पाठ पाहणाऱ्या शिक्षकाला वाटेल की आपण अठरा-एकोणीस आवृत्त्यांनी पुढे आहोत आणि पाठ निरुपयोगी आहे. तसे नाही. ऑगस्ट २०२३ च्या ७.६ नंतर, २०२४ च्या सुरुवातीला, लिबरऑफिसने पद्धतच बदलली आणि पुढची आवृत्ती २४.२ झाली. २४ म्हणजे साल २०२४, २ म्हणजे फेब्रुवारी. मधल्या आवृत्त्या कधी निघाल्याच नाहीत. उबुंटू ही पद्धत २००४ पासून पाळत आली आहे : १०.०४ म्हणजे एप्रिल २०१०. २००६ साली एप्रिलची आवृत्ती सहा आठवडे लांबून जूनमध्ये गेली, तेव्हा क्रमांकही ६.०४ ऐवजी ६.०६ झाला.

ही पद्धत आम्हांला अधिक प्रामाणिक वाटते. ‘बदल लहान आहे’ असा दावा ती करत नाही. केव्हा निघाली, एवढेच सांगते, आणि ते पडताळून पाहता येते. तरीही टिंबाने येथेही दगा दिलाच. उबुंटू एप्रिलला ०४ लिहिते, लिबरऑफिस फेब्रुवारीला नुसते २ लिहिते. उबुंटू २४.०४ बरोबर लिबरऑफिस २४.२ येते, म्हणजे दोन्ही क्रमांक एकाच संगणकावर नांदतात. दशांश म्हणून वाचले तर २४.२ मोठी, महिने म्हणून वाचले तर २४.२ आधीची. एका शून्याने हे टळले असते.

मग वर्गात काय करावे?

आवृत्तिक्रमांक टाकून द्यावेत, असे आम्ही म्हणणार नाही. नावाशिवाय चालत नाही आणि क्रमही हवाच. मात्र वचनाचे काम आकड्यावर सोपवू नये. प्रत्येक आवृत्तीबरोबर काय बदलले, कोणाचे काय मोडेल, हे चार ओळींत लिहिलेले असावे आणि वापरणाऱ्याने ते वाचावे. आकडा पाहून निर्णय घेणे म्हणजे गुणपत्रकातली टक्केवारी पाहून मूल ओळखण्यासारखे आहे.

उच्चाराची एक सवय मुलांना लावता येईल. दशांश अपूर्णांक वाचताना टिंबानंतरचे अंक सुटे वाचावेत : ‘तीन पॉइंट एक शून्य’. आवृत्ती वाचताना घर अखंड वाचावे : ‘तीन पॉइंट दहा’. कान फरक ओळखू लागला की डोळाही ओळखतो. शाळेच्या फाइलींना ‘अंतिम’, ‘अंतिम २’, ‘खरोखर अंतिम’ अशी नावे देण्याऐवजी २०२५-०६-१६ अशी साल, महिना, दिवस या क्रमाने आणि शून्यासह तारीख द्यावी. मग संगणकाने कशीही क्रमवारी लावली तरी ती काळाप्रमाणेच लागते.

शेवटी वर्गासाठी एक छोटा उपक्रम. फळ्यावर हे पाच क्रमांक लिहा : २.१४.१, २.३.२, २.९.१, २.१७.१, २.१२.४. प्रथम ते घराघराने तुलना करून चढत्या क्रमाने लावायला सांगा. उत्तर : २.३.२, २.९.१, २.१२.४, २.१४.१, २.१७.१. मग शब्दकोशात शब्द लावतात तसे, एकेक चिन्ह पाहून लावायला सांगा. उत्तर : २.१२.४, २.१४.१, २.१७.१, २.३.२, २.९.१. ‘धडा १’ नंतर ‘धडा १०’ आणि मग ‘धडा २’ अशी फाइलींची यादी मुलांनी कुठे पाहिली असेल, तर तिचे कारण त्यांना येथेच सापडेल. हे पाचही लॉगफोरजेचे खरे क्रमांक आहेत. यांतील कोणत्या तीन आवृत्त्या एकाच महिन्यात निघाल्या, हे या दोन्ही याद्यांवरून ओळखता येते का, एवढा प्रश्न मात्र मुलांपुढे ठेवा आणि त्यांना वाद घालू द्या.